खांब, फ्रिज आणि मी

माणसाला वय विचारू नये, असा एक शिष्टाचार आहे. इमारतींच्या बाबतीत तो कुणी पाळत नाही. इमारतीने तिशी ओलांडली की मुंबई महानगरपालिकेचा कायदा तिला सरळ विचारतो, ‘बाई, आपलं वय काय? आणि अजून उभ्या कशा?’ मग नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तिची तपासणी करून घ्यायची आणि प्रकृती ठीक असल्याचा दाखला पालिकेत नेऊन द्यायचा. आमची इमारत १९७१ सालची. तिची तिशी केव्हाच उलटली. चाळिशी आली आणि गेली. पन्नाशीचा तर आम्ही गच्चीवर सत्यनारायण घातला. पण तपासणीचे नाव कुणी काढले नाही. त्याबद्दल आलेली पत्रे सेक्रेटरींच्या टेबलाच्या खणात, पाण्याच्या बिलांखाली सुखाने निजली होती.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला एका चार मजली इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला. अखेर १७ माणसे गेली. बातमी आली त्या सकाळी आमच्या जिन्यात दुधाच्या पिशव्या हातात घेऊन आपोआप सभा भरली.

“मी म्हणतो, इन्स्पेक्टर काय झोपले होते का?” हा प्रश्न मी विचारला. अशा वेळी तो मीच विचारतो, असा आमच्या जिन्यात रिवाज आहे. २०१३ साली मुंब्र्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडून ७४ माणसे गेली, तेव्हा मी विचारला होता. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला १७ गेली आणि लगेच ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी भेंडीबाजारात ३३ गेली, तेव्हा तर महिन्याभरात दोनदा विचारावा लागला. प्रश्न असा आहे की तो विचारला की विचारणारा आपोआप निर्दोष ठरतो.

“या लोकांना भर चौकात फाशी दिलं पाहिजे,” चौथ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले. अण्णा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांची कोणतीही सूचना तीन हजार वर्षांच्या आतली नसते. “बाबिलोनच्या हमुराबीनं हेच केलं होतं. पावणेचार हजार वर्षांपूर्वी. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहान्त. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला देहान्त. संपला विषय!”

विषय संपला म्हणून आम्ही पांगणार, इतक्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर राहणाऱ्या काकूंनी, विचारले, “मग आपल्या इमारतीची तपासणी झाली आहे का हो?”

जिन्यात अशी शांतता पसरली की तळमजल्यावरच्या नळाची टिपटिप ऐकू आली. तो नळ १९९८ पासून टिपटिपतो आहे.

खास सभा बोलावण्यात आली. आमच्या सोसायटीच्या सभेला एरवी गणसंख्या भरत नाही. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. सगळ्यांना तपासणी हवी होती. फक्त तिच्यातून काही निघायला नको होते.

“इंजिनियर बोलवा, पण आपल्यातला बोलवा,” वकीलसाहेब म्हणाले.

“आपल्यातला म्हणजे?”

“म्हणजे समजूतदार.”

समजूतदार या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ताबडतोब समजला, इतके आम्ही समजूतदार आहोत. भीती होती ती एका अक्षराची आणि एका आकड्याची. पालिकेच्या हिशेबात इमारतींचे वर्ग आहेत. सी-वन म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा, लागेल तेवढा भाग पाडा. सी-टू-बी म्हणजे माणसे आत राहू द्या, पण खांब-तुळयांची मोठी दुरुस्ती करा. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. शाळेत आपण सी मिळाला तर तोंड लपवत होतो. इथे सगळ्यांनाच सी मिळतो. नशीब काय ते पुढच्या आकड्यावर.

शेजारच्या इमारतीचे उदाहरण ताजे होते. तिथे कमिटीला बिल्डर आणायचा होता. कमिटीच्या इंजिनियरने तिला सी-वन दिला. ज्यांना बिल्डर नको होता त्यांनी वर्गणी काढून दुसरा इंजिनियर आणला. त्याने सी-टू-बी दिला. इमारत तीच, खांब तेच, गंज तोच. एकाच मुलीच्या दोन पत्रिका असाव्यात, एक जुळणारी आणि एक न जुळणारी, त्यातला प्रकार. असे दोन अहवाल एकमेकांशी भांडू लागले की पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निवाडा करते. निवाडा होईपर्यंत इमारतीने उभे राहायचे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

आमच्याकडे आल्या त्या इंजिनियर बाई. वयाने आमच्या धाकट्या मुलीएवढ्या. पाठीवर पोतडी, डोक्यावर पिवळी टोपी. वकीलसाहेबांनी ‘समजूतदार’ या दृष्टीने त्यांची बरीच चाचपणी केली. पण चहा घेतला आणि बिस्किटाला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखले की हे प्रकरण वेगळे आहे.

त्यांनी इमारतीची तपासणी अशी केली की तशी माझ्या डॉक्टरांनी माझी कधी केली नाही. एका स्प्रिंगच्या हातोडीने खांबांवर टकटक केली. एका यंत्राने काँक्रीटच्या आरपार ध्वनीच्या लहरी पाठवल्या. जिन्याखालच्या एका खांबाला छोटेसे भोक पाडून आत फवारा मारला. आतला भाग एकदम गुलाबी झाला.

“हे काय?” मी विचारले.

“फिनॉल्फथेलीन, काका. शाळेत नव्हतं का? काँक्रीट निरोगी असलं की ते अल्कधर्मी असतं, मग ते गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा हा गुण गेला की रंग येत नाही. तिथे आतल्या सळईला गंज चढायला मोकळं रान. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो.”

म्हणजे लाजून लाल होते ते काँक्रीट चांगले, आणि ज्याची लाज गेली ते धोक्याचे. मला हे फार आवडले. हे वाक्य सभेत कुठेतरी वापरायचे असे मी ठरवले. तेवढ्यात बाई माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

इथे मला थोडे मागे जायला हवे. १९९६ साली आम्ही दोन दारांचा फ्रिज घेतला. आमच्या जिन्यातला तो पहिला दोन दारांचा फ्रिज. तो घरी आल्यावर लक्षात आले की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जो खांब आहे, त्याचा काठ दोन इंच पुढे येतो आणि फ्रिजचे खालचे दार उघडत नाही. फ्रिज परत देणे शक्य नव्हते. शेजारी बघून गेले होते. मग एक मिस्त्री बोलावला. त्याने खांबाकडे पाहिले, फ्रिजकडे पाहिले आणि खांब चुकीचा आहे असा निर्णय दिला. “नुसतं पलस्तर आहे साहेब,” म्हणून त्याने छिन्नी लावली. दोन इंचांवर सळई दिसली. “ही मधे येतेय,” तो म्हणाला आणि दोन घाव घालून ती आत वाकवली. वर सिमेंट, सिमेंटवर फुलाफुलांच्या टाइल्स. फ्रिजचे दार सुरेख उघडू लागले. आम्ही मिस्त्रीला त्याच फ्रिजमधले सरबत दिले.

त्यानंतर दोन फ्रिज बदलले. खांब तोच आहे.

“काका, या फ्रिजमागे बघू का?” बाईंनी विचारले.

“त्याच्यामागे काही नाही,” मी म्हणालो. “झुरळं असतील.”

“इथे कधी तोडफोड, बदल वगैरे?”

“छे! रंगरंगोटी. दर पाच वर्षांनी.” पाच वर्षांनी हेही खोटेच होते, पण खोटे बोलताना तपशील द्यावा लागतो.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. दीड महिन्याने अहवाल आला. सी-टू-बी. सोसायटीत पेढे वाटले गेले. इमारतीला मोठ्या दुरुस्तीची गरज आहे या बातमीवर पेढे वाटणारे आम्ही जगातले पहिलेच लोक असू. अहवालात एक ओळ होती : ‘सदनिकाधारकांच्या सांगण्यानुसार अंतर्गत बदल नाहीत.’ मी ती ओळ तीनदा वाचली. सबंध अहवालात साहित्यात मोडेल अशी तेवढी एकच ओळ होती. तिचा लेखक मी.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपण चोरी केली तर पोलिसांची भीती वाटते; खोटे बोललो तर लोकांची वाटते. मला भीती वाटत होती ती छताची. माझ्या स्वयंपाकघरावर तीन मजले आहेत. म्हणजे त्या तासलेल्या खांबाच्या डोक्यावर तीन स्वयंपाकघरे, तीन ओटे, तीन पिंप पाणी. आणि काकू. काकूंचा मुलगा आणि सून आतल्या खोलीत झोपतात, नातवंडे हॉलमध्ये, आणि काकू स्वयंपाकघरात सतरंजी टाकून. म्हणजे बरोबर माझ्या फ्रिजच्या वर.

मी मनाशी वकिली सुरू केली. इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच कशाला होईल? पण हे तर प्रत्येक इमारतीबद्दल ती पडण्याच्या आदल्या दिवशी खरेच असते. घाटकोपरची इमारत पडली तेव्हाही आरोप हाच झाला होता, की तळमजल्यावर नूतनीकरण करताना खांबांना हात लावला. तेव्हा जिन्यात उभे राहून “असल्या माणसाला सोडता कामा नये” असे मीच म्हणालो होतो. मी हे म्हणालो तेव्हा माझा फ्रिज आत गार होत उभा होता.

मग मी सरकारवर घसरलो. मध्यरात्री झोप न येणाऱ्या माणसाला सरकारसारखा आधार नाही. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिथली भाडी १९४० च्या सप्टेंबरच्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला घर टिकले, यात शंका नाही. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे त्यावरच शहाणी झाली. पण मालक म्हणे, या भाड्यात चुना लावणेही परवडत नाही. भाडेकरू म्हणत, घर मालकाचे, आम्ही का दुरुस्त करावे? १९६९ साली सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ काढले, उपकर बसवला, पुढे ते मंडळ म्हाडात गेले. मालक, भाडेकरू आणि मंडळ. एका चाळीला तीन वाली झाले आणि बारभाईंचा कारभार सुरू झाला. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत. चाळ मात्र कुणाकडेच बोट दाखवत नसे. ती नुसती वाकत असे.

आणि तपासणाऱ्यांचे तरी काय? २०१३ साली माझगावजवळ डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ६१ माणसे गेली. इमारत महानगरपालिकेची. राहणारे पालिकेचे कर्मचारी आणि त्यांची मुलेबाळे. जी पालिका साऱ्या मुंबईला धोक्याच्या नोटिसा देते, तिच्याच घरात हे झाले. मग ‘इन्स्पेक्टर झोपले होते का’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? इथे घरही त्याच दप्तराचे होते.

हा विचार मला बराच सोयीचा वाटला. सगळेच दोषी असले की आपण फार दोषी राहत नाही. या हिशेबावर मी झोपणार होतो. पण भेंडीबाजार आठवला. ती इमारत धोक्याची आहे हे २०११ पासून सांगितले गेले होते. पाडायची परवानगी होती. काही कुटुंबे बाहेर गेली, काही राहिली. आणि २०१७ मध्ये ३३ माणसे गेली. तिथे कुणी खोटे लिहिले नव्हते. कागद खरे बोलला होता. मग माणसे का राहिली?

याचे उत्तर चाळीत वाढलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. धोक्याच्या घरातून निघालेला माणूस संक्रमण शिबिरात जातो. ‘संक्रमण’ या शब्दात जाण्याचा अर्थ आहे. पण त्या शिबिरांत पोरांची लग्ने झालेली, नातवंडे शाळेत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. छप्पर पडेल ही भीती रोज थोडी थोडी वाटते. छप्पर जाईल ही भीती नोटीस आल्याबरोबर सगळी एकदम वाटते. नोटिशीनंतरही माणसे हलली नाहीत तर पालिका पाणी तोडते, वीज तोडते. कायद्याचे त्यात चुकत नाही. मेलेल्यापेक्षा चिडलेला बरा. पण ज्याला जायला जागा नाही, त्याला ‘खरे सांग’ म्हणणे म्हणजे त्याला ‘खोटे बोल’ म्हणून सुचवण्यासारखे आहे. आमच्या सभेतल्या ‘समजूतदार’ या शब्दात लबाडी होती हे खरे. पण तिच्या तळाशी भीती होती, हेही तितकेच खरे.

एवढा विचार करून मी पुन्हा फ्रिजपाशी आलो. मला कुठे जायचे होते? भीती होती ती काकूंना असायला हवी होती, आणि त्यांना तर काही माहीतच नव्हते. मला वाचवायचे होते ते छप्पर नव्हे. माझी इभ्रत आणि दुरुस्तीचा खर्च. गरिबाच्या भीतीचा सदरा मी अंगात घातला होता, आणि तो मला बेतलेला नव्हता.

आणि सही कुणाची होती? त्या मुलीची. उद्या काही झाले तर पोलीस अहवाल काढणार आणि खालची सही वाचणार. अण्णांचा हमुराबी बांधणाऱ्याला धरतो, आपले कायदे सही करणाऱ्याला धरतात. पण फ्रिजसाठी खांब तासणाऱ्या गृहस्थासाठी हमुराबीनेही कलम लिहिले नसावे. त्याला वाटले असेल, असा मूर्ख कोण असेल? इन्स्पेक्टर झोपतात हे खरे आहे. पण निदान या एका ठिकाणी अंगाई मी गायली होती.

सकाळी मी हिला सांगितले. ही म्हणाली, “मी तेव्हाच म्हणत होते, एका दाराचा घ्या.” बायकांची नैतिक भूमिका नेहमी अशी पक्क्या पायावर असते.

मग बाईंना फोन केला. “त्या दिवशी मी जरा... म्हणजे, फ्रिजमागे झुरळांशिवाय आणखी एक गोष्ट आहे,” अशी सुरुवात करून मी सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. त्या रागावतील असे मला वाटले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

“काका, उद्या सकाळी येते. फ्रिज रिकामा करून ठेवा. आणि वरच्यांना आजच सांगा, स्वयंपाकघरात कुणी झोपू नका.”

वरच्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यात मी बरीच भाषणे केली. पण काकूंच्या दारातले ते चार वाक्यांचे भाषण सगळ्यात लांबले. काकूंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “भाऊजी, दर संक्रांतीला तुमच्याकडच्या त्याच फ्रिजातलं दही नेत होते मी.” बस्स, एवढेच. यापेक्षा त्यांनी हमुराबीला बोलावले असते तरी चालले असते.

दुसऱ्या दिवशी टाइल्स फोडल्या. आत सळई होती असे म्हणता येणार नाही. सळईची आठवण होती. बोट लावले की पापुद्रे हातात येत. सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा मिस्त्रीने छिन्नीने उडवल्या होत्या. बाईंनी फवारा मारला. रंग आलाच नाही. करडे ते करडेच राहिले. ही माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचे कान मात्र लाल झालेत हो.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले. अहवाल दुरुस्त झाला. वर्ग सी-टू-बीच राहिला, कारण बाकीचे खांब बरे निघाले. पण माझ्या खांबाचे काम सगळ्यात आधी, टेकू काढल्याशिवाय करायचे, आणि खर्च माझा. सभेत मी स्वतःच सांगितले. माझ्यावर चिखलफेक होईल या तयारीने गेलो होतो. झाले निराळेच. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ खाकरले. त्यांनी गच्चीवर पाच हजार लिटरची जादा टाकी बसवताना कुणाला विचारले नव्हते. वकीलसाहेबांनी बाल्कनीची भिंत पाडून खोली केली होती, ती ‘मुळातच तशी होती’ असे ते आजवर सांगत. अण्णांनी तर माळ्यावर इतिहासाची पुस्तके रचून तुळईला पोक आणला होता. एकूण त्या दिवशी सोसायटीत पहिली खरी तपासणी झाली, आणि तिला ना यंत्र लागले ना फी. मात्र अण्णांनी फाशीचा ठराव मागे घेतला.

हे लिहिताना आमच्या स्वयंपाकघरात चार टेकू उभे आहेत. हिने त्यांना दोरी बांधून फडकी वाळत घातली आहेत. काकू तूर्त हॉलमध्ये नातवंडांच्या शेजारी झोपतात आणि रात्रभर गोष्टी सांगाव्या लागतात म्हणून माझ्या नावाने बोटे मोडतात. पण परवा वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली.

फ्रिज हॉलमध्ये आला आहे, अगदी दारासमोर. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “हे काय, फ्रिज इथे?” मी सगळी हकीकत सांगतो. ती ऐकून पाहुणे हसतात, मग जरा गप्प होतात, आणि चहा न घेताच घरी जातात. आपल्या घरचा कुठला तरी खांब त्यांना आठवलेला असतो.